निळ्या कार्डाचा पिक

वैदेहीच्या तेराव्याला मी एक चूक केली. ती चूक होती हे मला आठ दिवसांनी कळलं.

वैदेही माझी बायको. शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता ती ओट्यापाशी खाली बसली, ती परत उठली नाही. वय अठ्ठावन्न. आम्हाला मूल नाही. ती घरी गिटार शिकवायची, म्हणून गल्लीत तिला गिटारबाई म्हणत. तिचे वडील रेल्वेत गार्ड होते. क्वार्टरमध्ये शेजारी राहणाऱ्या एका इंजिन ड्रायव्हरने तिला लहानपणी वाजवायला शिकवलं होतं. लग्नात ती गिटार घेऊन आली तेव्हा माझी आई म्हणाली होती, "शिलाई मशीन आणलं असतं तर घराला तरी उपयोग झाला असता."

आमच्याकडे सवाष्ण गेली की तेराव्याला तिच्या नावाने बायकांना वाण देतात. माझ्या थोरल्या वहिनी, रुक्मिणीवहिनी, स्टीलच्या वाट्या आणि खण घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, क्लासची पोरं पण येणार. त्यांच्या हातावर काय ठेवायचं?"

मला तिचा डबा आठवला. बिस्किटांचा चपटा पत्र्याचा डबा, आत पिक. पिक म्हणजे गिटारची तार छेडायचा प्लास्टिकचा तिकोनी तुकडा, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा. डब्यात तेवीस होते. पिवळे, काळे, पांढरे, कासवाच्या पाठीसारखे ठिपक्याठिपक्यांचे. पोरंही वीस-बावीस येणार होती. मी म्हणालो, हे एकेक देऊ, बाईंची आठवण म्हणून.

पोरं ओळीने आली. मी डब्यात हात घालून येईल तो पिक, सुटा असो की कागदातला, काढत होतो आणि हातावर ठेवत होतो. रडायला येत होतं, म्हणून खाली बघतच नव्हतो. उत्कर्षा नावाची मुलगी पुढे आली. ती जवळच्या वळसंग गावची, इथे सात रस्ता चौकात मोबाइलच्या दुकानात कामाला आहे, सहा वर्षांपासून वैदेहीकडे येत होती. ती म्हणाली, "काका, मी बगून घेऊ का एक?"

मी म्हणालो, "वाण बघून घेतात का? मिळेल तो घे."

तिने हात पुढे केला. मी एक पिवळा पिक ठेवला. ती बाजूला झाली.

खरं म्हणजे वैदेही बरोबर उलटं करायची. नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी गिटार हातात देत नसे. डबा चटईवर पालथा करायची आणि सांगायची, सगळे वाजवून बघ. पातळ पिकाने आवाज मऊ येतो आणि हात थकत नाही, जाड पिकाने तार नीट बोलते पण हात अवघडतो. कुणाला गोल टोक बरं वाटतं, कुणाला अणकुचीदार. एखादं पोरगं दोन दोन तास घोळ घालायचं. आया खाली ताटकळायच्या. ती म्हणायची, "पिक चपलेसारखा असतो हो. दुसऱ्याने निवडून चालत नाही."

हे मी शंभर वेळा ऐकलं होतं. तेराव्याला आठवलं नाही.

आठ दिवसांनी उत्कर्षा घरी आली. चपला काढून दारातच उभी राहिली.

"काका, बाईंचा निळा पिक कुणाला गेला?"

"कुठला निळा?"

"घरी कापलेला. बाई त्योच वापरायच्या की. डब्यात सगळ्यात खाली कागदात गुंडाळलेला असायचा. माझ्याकडं नगं, तुमच्याकडं तरी ऱ्हायला पायजे हुता. म्हणून तवा बगून घेऊ का म्हटलं मी."

मला दोन-तीन क्षण काही कळलं नाही. मग माझं गिरणीचं कार्ड आठवलं.

मी इथल्या एका सूतगिरणीत टाइमकीपर होतो. बावीस वर्षं. गिरणी बंद पडायच्या आधी दोन-तीन वर्षं आम्हाला प्लास्टिकची निळी कार्डं मिळाली होती, फोटोची. गिरणी बंद झाली तेव्हा ते कार्ड मी कपाटाच्या खणात ठेवलं. महिन्याभराने खण उघडला तर कार्डाचा एक कोपरा तिकोनी कापलेला. वैदेही स्वयंपाकघराच्या दारात बसून तो तुकडा शहाबादी फरशीवर पाणी टाकून घासत होती.

"असलं प्लास्टिक विकत मिळत नाही हो," ती म्हणाली. "ना फार ताठ, ना फार लवणारं. मी किती वर्षं शोधत होते. तुम्हाला आता ते कार्ड लावायचं नाहीच."

त्या दिवसांत मी रोज घरी बसून होतो. मी ओरडलो. माझ्या बावीस वर्षांचं हे केलंस म्हणालो. म्हणालो, "वाजव आता माझ्या नोकरीवर. पण मी घरात असताना तो आवाज मला ऐकवायचा नाही."

ती म्हणाली, "बरं." एवढंच.

पुढे मला नवी पेठेत चादरींच्या दुकानात काम मिळालं आणि मी ते सगळं विसरलो. मला वाटलं तिने तो तुकडा टाकून दिला असेल. तेरा वर्षं झाली त्याला.

उत्कर्षाला मी हे काही सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "तो मला परत पाहिजे."

तिने तिथेच बसून सगळ्या पोरांना फोन लावले. एकाकडे ठिपक्यांचा, एकाकडे पांढरा. एका पोराच्या आईने विचारलं, आम्हाला दिलेला काळा खराब आहे का, बदलून मिळेल का. शेवटी बसवेशकडे निघाला. बसवेश लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. अक्कलकोट रोडला एका गाळ्यात त्यांचे ढोल ठेवलेले असतात. मी स्कूटर काढली आणि उत्कर्षाला मागे बसवून तिथे गेलो.

बसवेश ढोलाचे दोर आवळत होता. मी आल्याचं बघून त्याने खुर्ची पुसली.

"निळा व्हय? हाय की." त्याने खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली. किल्लीच्या कडीत पिक अडकवला होता. "माझ्या कामाचा न्हवता ओ काका. आमाला लई जाड लागतो. ढोलापुढं पातळ पिक म्हंजे पापड मोडल्यागत, कोण ऐकतंय? पर बाईंचं वाण म्हणून टाकवंना. सुई तापवून भोक पाडलं बगा."

"आरं, बाईंचा सोताचा पिक हुता त्यो," उत्कर्षा म्हणाली. "आणि तू भोक पाडलंस?"

बसवेशचं तोंड उतरलं. "मला काय म्हाईत? काकांनी दिला हातात." तो माझ्याकडे वळला. "मला म्हाईत असतं तर मी हात लावला नसता ओ."

मी म्हणालो, "तुझी चूक नाही."

त्याने नखाने कडी उघडून पिक माझ्या हातावर ठेवला. कापला तेव्हा त्या कोपऱ्यात माझ्या फोटोचा भाग होता, डावा कान आणि शर्टाची कॉलर. मी चष्मा लावून बघितलं. एका बाजूला नुसता पांढरा डाग राहिला होता. तिच्या अंगठ्याने कान पण पुसून टाकला होता, कॉलर पण. टोक एका अंगाने झिजून तिरकं झालं होतं. बरोबर मधे, अंगठा टेकतो तिथे, सुईचं भोक.

एवढा झिजायला तो किती वाजला असेल, याचा मी रस्ताभर विचार करत होतो. आणि तो वाजताना मी कुठे होतो.

कारण मला माहीत असलेली वैदेही हळू वाजवायची. मी जेवल्यावर ती अर्धा तास गिटार घेऊन बसायची. आवाज इतका मऊ की पंखा तिसऱ्यावर ठेवला तर ऐकू यायचा नाही. मला वाटायचं तिचा हातच तसा. रोज आठच्या सुमाराला दुकानातून परतताना गल्लीच्या तोंडाशी आलो की आमच्या घरातून जोरकस, भरभर वाजवलेलं ऐकू यायचं. मी स्कूटर स्टँडला लावून जिना चढेपर्यंत ते थांबायचं. क्लास सुटला म्हणायचो मनात. एकदा जेवताना मी तिला म्हणालोही, "तुझं एखादं पोरगं झकास वाजवतं गं. तुझ्यापेक्षा बरं."

ती हसली होती. "आहे एक," म्हणाली आणि मला भाकरी वाढली.

घरी आलो तेव्हा साडेसात वाजले होते. मी उत्कर्षाला म्हणालो, "तिची गिटार कोपऱ्यात आहे. या पिकाने जरा वाजव. ती वाजवायची तसं."

ती गिटार घेऊन चटईवर बसली. तारा उतरल्या होत्या, त्या लावून घेतल्या. पिक बोटात दोन-तीनदा फिरवला, भोक बोटाला लागत होतं. मग वाजवायला लागली. बरं वाजवत होती. थोड्या वेळाने स्वतःच थांबली.

"न्हाय काका. असं न्हाय. बाईंचा हात येगळा हुता."

"कसा?"

ती माझ्याकडे बघून हसली. "मी काय सांगू तुमाला? तुमी तीस वर्सं ऐकलंय की."

मी विचारलं, "शेवटच्या बॅचला कोण असायचं? आठ वाजता जोरात वाजवणारं?"

"शेवटची बॅच आमची की. सातला सगळे जायचे. माझी वळसंगची गाडी साडेआठला, म्हणून मी एकटी बसायची."

"मग ते तू वाजवायचीस?"

"मी? मला जमतंय व्हय तसलं? बाई वाजवायच्या. सात ते आठ, सोताचं. मी भिताडाला टेकून ऐकत बसायची. पावणेआठला मला म्हणायच्या, पळ आता, गाडी चुकेल. आणि खाली तुमची स्कूटर लागली की निळा कागदात आन् पिवळा पातळ बाहेर, असं त्याच सांगायच्या मला. म्हणायच्या, ह्यांना मोठ्या आवाजानं डोकं दुखतं, उगं तरास नगं." मग तिने घाईने विचारलं, "आता दुखत न्हाय न्हवं? मी वाजवलं आत्ता."

"नाही," मी म्हणालो. "फोनमध्ये भरून ठेवलंय का कुणी? तिचं वाजवलेलं?"

"बाई करूच द्यायच्या न्हाईत. म्हणायच्या, क्लासला आलाय का शूटिंगला?"

माझं डोकं कधीच दुखत नव्हतं. जिन्यात मला कधी कुणी उतरताना भेटलं नाही, हेही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तेरा वर्षांपूर्वी एका दुपारी मी एक वाक्य बोललो होतो. पुढे मी ते विसरलो, आणि तिने ते रोज पाळलं. मला हसूनही नाही सांगितलं की अहो, ते पोरगं म्हणजे मीच. मी तिला तसं सांगायला जागा ठेवली नव्हती.

मी खूप आठवायचा प्रयत्न केला. तेरा वर्षं मी ते गल्लीतून ऐकलं होतं, म्हणजे ते माझ्याकडे कुठेतरी असायला पाहिजे. पण मला फक्त स्कूटरच्या स्टँडचा खाडकन होणारा आवाज आठवत होता.

मी उत्कर्षाला म्हणालो, "तू वाजवत राहा. मी खाली जाऊन येतो."

"खाली कशाला?"

"तिथूनच ऐकायचो मी."

तिला काय कळलं माहीत नाही. तिने मान हलवली. मी खाली उतरलो आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो, जिथे स्कूटर वळवताना वेग कमी करावा लागतो तिथे. वर वाजायला लागलं. मी डोळे मिटले. जोरात होतं, भरभर होतं. ते तसंच होतं का, हे मला सांगता येईना. तसंच असेल. नसेलही. दोन्ही वाटलं.

तिथे शंकरप्पाची इस्त्रीची गाडी असते. वीस वर्षांपासून तो त्याच जागी उभा आहे. तो शर्टाच्या बाहीवर पाणी शिंपडत होता.

"क्लास सुरू केला व्हय कोणी?" त्याने विचारलं.

"नाही. एक मुलगी वाजवते."

त्याने थोडं ऐकलं. इस्त्री बाहीवरून एकदा फिरवली. "बाईंचं असं न्हवतं ओ," तो म्हणाला.

"कसं होतं?"

इस्त्री उभी करून त्याने वर आमच्या खिडकीकडे बघितलं. "आता ते कसं सांगू? आमी आपलं रोज ऐकत हुतो. त्या वाजवाया लागल्या की मी रेडिओ बंद करायचो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमाला तर घरातच हुतं की."

मी हो म्हणालो आणि परत फिरलो.

जिना चढायला लागलो. एवढी वर्षं मी अर्ध्या जिन्यात पोचेपर्यंत वरचा आवाज थांबलेला असायचा. मी सवयीने तिथे थांबलो. कठडा धरून उभा राहिलो. वर उत्कर्षा वाजवतच होती.