खिडकी नसलेली केबिन

मनोरमावहिनी पुण्याहून जर्मनीत बॉबलिंगेनला आमच्याकडे आली, तेव्हा माझं आधीच ठरलेलं होतं. हॅम्बुर्गहून उत्तरेच्या हिमनद्यांकडे जाणाऱ्या जहाजात तिच्यासाठी मी मुद्दाम खिडकी नसलेली केबिन घेतली. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते. मनात नाही.

दोन वर्षांपूर्वी माझे वडील, अण्णा, पुण्यात दवाखान्यात होते. वहिनीने मला फोन केला तो सगळं आटोपल्यावर. "तू इतक्या लांब. म्हटलं, उगाच कशाला त्रास?" ते वाक्य मी जपून ठेवलं होतं.

जहाजावर स्वारी खुशीत होती. भिशीतल्या बायकांना हिमनदीचा व्हिडिओ पाठवायचं कबूल करून आली होती. घोषणा सगळ्या जर्मनमध्ये, त्यामुळे सगळी भिस्त माझ्यावर.

"शैला, बर्फ दिसायला लागला की उठव हं मला."

"नक्की, वहिनी. निवांत झोपा."

उन्हाळ्यामुळे बाहेर रात्र होत नव्हती आणि तिच्या केबिनमध्ये सकाळ होत नव्हती.

त्या दिवशी जर्मन मंडळींनी नाश्त्याआधीच टॉवेल टाकून डेकवरच्या खुर्च्या अडवल्या. मीही दोन अडवल्या, एक तिच्या नावाने. ती रिकामी बघायला मला फार बरं वाटत होतं. समोर निळा बर्फ आला. गडगडाट करत एक कडा समुद्रात कोसळला, माणसं ओरडली. माझं सगळं लक्ष दाराकडे.

वहिनी धावत आली तेव्हा जहाज वळून बाहेर निघालं होतं. गाऊनवर स्वेटर, हातात मोबाइल.

"अगं, उठवलं का नाहीस?"

"इतक्या लांबून आलात. म्हटलं, उगाच कशाला त्रास?"

स्वतःचं वाक्य तिने बरोबर ओळखलं. मटकन त्या खुर्चीत बसली. माझ्या जिवाला थंडावा मिळाला, खोटं कशाला बोलू?

मोबाइल मांडीवर ठेवत ती म्हणाली, "अण्णा रोज विचारायचे, शैला निघाली का?"

मी माझ्या टॉवेलची घडी घालायला घेतली.

"मी म्हणायचे, निघालीय, पोचेलच आता. मग तुझ्यासाठी कॉटजवळ खुर्ची ठेवायला लावली त्यांनी. शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही तिच्यावर."

मला दुखवायलाच सांगितलं तिने. नेम बरोबर बसला.