चार दिवस मासा लागला नाही

गुलाम रसूलच्या गळाला चार दिवस मासा लागला नाही आणि पाचव्या दिवशी पहाटे त्यानं लातूरची पहिली एसटी धरली.

एवढ्यावरून कुणी लातूर गाठतं का, असं तुम्ही म्हणाल. पण हा गडी गाठणाराच होता. नांदेडच्या जुन्या बाजारात तीस वर्षं पत्र्याच्या पेट्या ठोकून त्याचे कान पार गेले होते. लातूरच्या क्लासला निघालेली पोरं त्याच्याकडूनच पेट्या नेत, त्यामुळं धंदा जोरात होता. रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की तो गोदावरीच्या घाटावर गळ टाकून बसायचा. दोरी बोटाला गुंडाळलेली असायची, कारण कानांचं काम आता बोटांनाच करावं लागे.

दहा वर्षांपूर्वी, त्र्याण्णव साली, तो किल्लारीकडं बहिणीच्या गावी गेला होता. तेरणेवर दिवसभर बसला, पण एक मासा लागेल तर शपथ. पाण्यावर नुसता गुलाल तरंगत होता. वैतागून तो संध्याकाळच्या गाडीनं परत निघाला. "मासे न्हाई तर न्हाई, भाईजान, डाळ खा. पर ऱ्हा," असं रजिया परोपरीनं म्हणत होती. त्याच रात्री, पहाटे पहाटे जमीन हलली आणि रजिया घराच्या दगडांखाली गेली. माशांना कळलं होतं, मलाच कळलं नाही, हे गुलाम रसूलच्या मनानं घेतलं ते घेतलंच. लोक हसायचे म्हणून पुढं तो कुणाला सांगेनासा झाला.

आणि आता पुन्हा तेच. चौथ्या संध्याकाळी तर बुडाखालची पायरीही हलल्यासारखी वाटली. त्यानं दगडावर तळहात टेकला. थड. थोडं थांबून पुन्हा थड. त्याच्या पाचावर धारण बसली. त्याची एकुलती एक लेक मनतशा लातुरात, तीन मजली वसतिगृहात होती आणि उद्या दहाला तिची सीईटी होती. पोरीनं दोन वर्षं रक्त आटवलं होतं, हे का त्याला ठाऊक नव्हतं? पण पोरगीच राहिली नाही, तर परीक्षा कुणाला द्यायची?

साडेआठला तो वसतिगृहाच्या फाटकात उभा होता. मनतशा हॉलतिकीट हातात घेऊनच खाली आली.

"घरी चल. अम्मी लई शिरियस हाय," तो म्हणाला. खरं सांगितलं असतं तर ती आली नसती.

रेक्टर शिवगंगाबाई मधे पडल्या. "भाई, दहाला पेपर हाय लेकराचा. देऊन जाऊ द्या की."

"तवर ती ऱ्हाती का न्हाई कुणाला ठावं!" तो ओरडला. पोरीनं पुढं काही विचारलंच नाही.

गाडीत ती रडत होती आणि हा खिडकीचा गज घट्ट धरून जमीन हलायची वाट बघत होता. दहा वाजता तिनं मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि मग घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

घरी पोचले तर अम्मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली. "आगं, पेपर?" तिनं विचारलं.

मनतशा बापाकडं वळली. तो तिला हाताला धरून घाटावर घेऊन गेला. "इथं हात ठेव. कळतंय का? मासे बी गेले. रजियाच्या टायमाला बी असंच झालतं."

तिनं हात ठेवला. मग मान वर करून ऐकलं. त्याचा हात न सोडता ती त्याला नदीच्या वळणापलीकडं घेऊन गेली. तिथं नव्या पुलाचे खांब रोवणं चाललं होतं. यंत्र लोखंडी घण वर उचलायचं आणि सोडायचं. घण आदळला की भोवतीचं पाणी थरथरायचं. तिनं एका मजुराला विचारलं आणि बापाला पाच बोटं दाखवली. पाच दिवस झाले होते.

एवढ्या दणक्यात कुठला मासा गळाजवळ थांबेल? तीस वर्षं मासे धरणाऱ्याला हे कळू नये! आणि मग त्याला तेरणेवरचा तो गुलाल आठवला. विसर्जन होतं त्या दिवशी. दुपारपासून काठावर ढोल बडवत होते. त्याचे कान तेव्हाच अर्धे गेलेले, पण छातीत धडधडत होतं ते त्याला आता आठवलं. मासे ढोलांना भिऊन डोहात गेले होते. रजियाचं त्यांना काहीएक ठाऊक नव्हतं. दहा वर्षं त्यानं उगाच स्वतःला खाल्लं होतं आणि आज पोरीची दोन वर्षंही खाऊन बसला होता. तो तिथंच खाली बसला. लाजेनं त्याला वर बघवेना.

"मी नेऊन सोडतो तुला," तो घाईघाईनं म्हणाला. "उद्याच्या पहिल्या गाडीनं नेतो. मी सांगतो सायबांना, माझी चूक हाय म्हणून. पाया पडतो त्यांच्या."

मनतशा त्याच्यासमोर उकिडवी बसली. ती ओरडली नाही. त्याला ओठांवरून कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"उद्या काय हाय तिथं, अब्बा?"