ठाण्याच्या दारातली बोहनी

कुसुमबाईनं पोतं उचललं, डाव्या काखेत मारलं आणि चालू लागली. लिंबाखालची जागा तिनं नुकतीच झाडून घेतली होती, वर पाणीही शिंपडलं होतं. आता त्याच जागेकडं पाठ करून ती रस्ता ओलांडून सरळ पलीकडं निघाली. मागं ओळीतल्या बायका टोपल्या उतरवायच्या बेतात होत्या, त्या तशाच थांबल्या. लीलाबाईची टोपली तर ना डोक्यावर ना खाली, अशी मधेच राहिली.

चिंचधरीच्या बाजारात भाजीवाल्यांची ओळ कुसुमबाईच्या पोत्यापासून सुरू होते. ही तिच्या सासूच्या काळापासूनची रीत. तिचं पोतं पडल्याशिवाय दुसरं पोतं पडत नाही, आणि तिची बोहनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाल्याशिवाय ओळीतली एकही बाई भाजी विकत नाही. गिऱ्हाइकानं कितीही तोंड वाजवलं तरी नाही. कुणी नवी सून शहाणपणा करायला गेलीच, तर शेजारीणच तिचा तराजू उचलून पालथा ठेवते. रीत खुळी म्हणा नाहीतर शहाणी म्हणा, त्या ओळीत जागेवरून भांडण झालेलं मात्र कुणी पाहिलेलं नाही.

कुसुमबाईच्या मागं तिची सून वर्षाली चालत होती. कडेवर पिंकी, डोक्यावर भेंडीचं टोपलं, आणि डाव्या डोळ्याखाली निळं-काळं पडलेलं. पदर कितीही पुढं ओढला तरी ते झाकत नव्हतं. दोघी रस्त्यापलीकडच्या पोलीस ठाण्याच्या फाटकातून आत शिरल्या. पायऱ्यांपासून चार हातांवर, जिथं साहेबांची जीप उभी राहते, तिथं कुसुमबाईनं पोतं पसरलं, कोपरे नीट ओढले आणि बसली.

लीलाबाईनं टोपली परत डोक्यावर घेतली.

"चला वं," ती बाकीच्यांना म्हणाली. "ओळ तिकडं हाय आज."

कारण विचारायची गरज कुणालाच नव्हती. कुसुमबाईच्या पोरानं, चंदननं, बायकोवर हात टाकायला लागून दोन वर्षं झाली होती आणि ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तो दारू पीत नव्हता. पीत असता तर लोकांना सांगायला तरी बरं पडलं असतं. चहा निवला म्हणून, मोटर बंद करायची राहिली म्हणून, माहेरचा फोन आला म्हणून, असं काहीही निमित्त त्याला पुरायचं. परवा पिंकी जेवताना रडली म्हणून त्यानं त्या एवढ्याशा जिवाला उचलून बाजेवर आपटलं. कुसुमबाई मधे पडली, तेव्हा कुठं तो थांबला.

आणि ठाणं? ठाण्याची तर बातच सोडा. सासू-सून पहिल्यांदा गेल्या तेव्हा साहेब मीटिंगला गेलेले. दुसऱ्यांदा साहेब होते, पण त्यांनी चंदनला बोलावून चहा पाजला, समज दिली आणि पाठवून दिलं. त्या समजेचा वचपा त्यानं घरी येऊन काढला. पुढच्या खेपेला महिला शिपाई रजेवर, तिच्याशिवाय बाईमाणसाचं बयान घेता येत नाही म्हणे. आज सकाळी दोघी उजाडताच येऊन बसल्या, तर हवालदार किसनराव जांभई देत म्हणाले, आज बाजाराचा दिवस, त्यात उद्यावर महालक्ष्म्या, सगळे बंदोबस्ताला जाणार, इथं लिहायला कोण बसलंय? महालक्ष्म्या उठल्या की या.

 पायऱ्या उतरताना कुसुमबाईनं ते अंगण एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून घेतलं होतं.

आता त्याच अंगणात ओळ बसली. ढेमसं, दोडके, कारली, पडवळ, लालभडक कोहळ्याच्या, म्हणजे भोपळ्याच्या, फोडी, कोथिंबिरीच्या जुड्या, अळूची, म्हणजे धोप्याची, पानं. महालक्ष्मीच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात आणि त्या सोळाही आज एकाच ठिकाणी होत्या, पोलिसांच्या दारात. किसनराव तंबाखू मळत बाहेर आले, आणि मळायचं विसरून गेले.

"अवं कुसुमबाई, हे काय लावलं? उठा, उठा. साहेब माहा जीव घेतील."

"किसनभाऊ," कुसुमबाई म्हणाली, "तुमचा बंदोबस्त बजारात हाय म्हून इथं लिहाले कोणी नाई, असं तुमीच बोललात ना? तुमाले तरास कायले? बजारच इथं आणला. आता बंदोबस्त बी इथं, लिहिणं बी इथं."

ओळीतून हसण्याची एक लाट गेली. किसनरावांनी दम देऊन पाहिला, मग गोडीनं पाहिलं, मग शेवटच्या टोकाच्या म्हातारीची टोपली उचलायला गेले तर ती टोपलीवरच बसली. तोवर फाटकातून गिऱ्हाइकं यायला लागली होती. लिंबाखाली शुकशुकाट पाहून लोक विचारत विचारत इकडं येत होते. बायका, पुरुष, पिशव्या, सायकली. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि भाजी मात्र काही विकली जात नव्हती.

"धोपा कसा लावला?" कुणी विचारलं की उत्तर एकच.

"बोहनी व्हाची हाय."

"मग कुसुमबाईले सांगा ना बोहनी कराले."

"सुनेचं लिहून घेतलं का मंग करते."

बस, एवढंच. कुणी रडलं नाही, कुणी भाषण दिलं नाही. ज्यानं विचारलं त्याला तेवढं एक वाक्य मिळायचं, मग तो वर्षालीच्या तोंडाकडं पाहायचा आणि मग ठाण्याच्या दाराकडं. वर्षाली मान खाली घालून भेंडीवर पाणी शिंपडत होती. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, की आज कुणीही आपल्याला 'काय गं, काय केलं होतंस तू' असं विचारलेलं नाही. तिनं मान वर केली आणि मग ती तशीच राहू दिली.

"हाताले काय झालं वं?" लीलाबाईनं हळूच विचारलं. कुसुमबाईचा उजवा हात सकाळपासून पदराखाली होता, टोपलीसुद्धा तिनं डाव्यानंच सरकवली होती.

"वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून घसरली," कुसुमबाई म्हणाली, आणि पदर जरा आणखी ओढून घेतला.

ठाणेदारसाहेब आले तेव्हा जीप फाटकातच अडली. उतरून, वाट काढत, टोपल्या ओलांडत ते पायऱ्यांपर्यंत पोचले. बुटाला कोहळं लागलं होतं. आवाज चढवून त्यांनी सगळ्यांना ऐकवलं की हे सरकारी आवार आहे, इथं धंदा करणं गुन्हा आहे.

"धंदा कुठं करून राह्यलो साहेब," कुसुमबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "बोहनी बी नाई झाली. पुसा कोणालेबी."

साहेबांनी गर्दीकडं पाहिलं. गर्दीत शाळेचे मास्तर होते, सरपंचांची बायको होती, सोसायटीचे सेक्रेटरी होते, आणि सगळ्यांच्या हातात रिकाम्या पिशव्या. साहेबांचा आवाज एकदम खाली आला. बाई, तुमची अडचण मला समजते, ते म्हणाले, पण कायद्यानं महिला शिपाई पाहिजे आणि ती रजेवर आहे, माझाही नाइलाज आहे.

नेमकं तेव्हाच फाटकातून साहेबांच्या पत्नी, ठाणेदारीणबाई, आत आल्या. बाजार लिंबाखाली नाही, ठाण्यात आहे, एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांच्या मागं, दोन्ही हातांत दोन मोठ्या पिशव्या घेऊन, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये एक तरुण मुलगी. साहेबांना पाहताच तिनं पिशव्या खाली टाकून खाडकन सलाम ठोकला.

 कुसुमबाईनं त्या मुलीकडं पाहिलं, मग पिशव्यांकडं पाहिलं, मग साहेबांकडं.

"हेच का जी ते रजेवरची शिपाई?"

हसू आधी मास्तरांना फुटलं, आणि मग ते कुणालाच आवरेना. किसनराव तेवढे तंबाखूच्या डबीत डोकं घालून उभे होते. अंकिताचे, त्या मुलीचे, कान लाल झाले होते. चार दिवसांपासून ती साहेबांच्या घरी महालक्ष्म्यांचं मखर सजवत होती. ठाणेदारीणबाईंना आधी काही उमगेना. मग लीलाबाईनं त्यांना ते एक वाक्य सांगितलं, आणि त्यांनी वर्षालीच्या डोळ्याखाली पाहिलं. पिंकी आईच्या पदराचं टोक चघळत त्यांच्याकडंच बघत होती.

त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं नाही. पिशव्या स्वतः उचलल्या.

"अंकिता," त्या म्हणाल्या, "तू आत जा. लिहायला बस."

मग जे महिनोन्‌महिने होत नव्हतं ते भराभर झालं. खुर्च्या आल्या, पंखा लागला, पाण्याचा ग्लाससुद्धा आला. वर्षालीनं पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं, आधी अडखळत आणि मग न थांबता. अंकिता लिहीत होती आणि मधेच एकदा तिनं पेन ठेवून डोळे पुसले. साक्षीदार कोण, असं साहेबांनी विचारलं तेव्हा कुसुमबाई उठून उभी राहिली. आजी, ते हळूच म्हणाले, पोरगा तुमचा आहे, एकदा विचार करा.

कुसुमबाईनं दारातून अंगणातल्या आपल्या पोत्याकडं पाहिलं. चंदन लहानपणी याच बाजारात, याच पोत्यावर झोपायचा, ऊन लागू नये म्हणून ती स्वतः उन्हाकडं पाठ करून बसायची.

"माहाच हाय," ती म्हणाली. "पर डोळ्यानं पाह्यलं ते पाह्यलं. लिहा."

तिनं डाव्या हाताचा अंगठा उठवला. गुन्हा दाखल झाला, त्याची प्रत वर्षालीच्या हातात पडली, आणि अडकलेली जीप बायकांनीच टोपल्या सरकवून बाहेर काढून दिली. ती चंदनला आणायला निघाली तेव्हा शेवटच्या टोकाच्या म्हातारीनं टाळी वाजवली, आणि मग अख्खं अंगण टाळ्यांनी भरून गेलं. कुसुमबाईला रडू येत होतं आणि छातीवरचा धोंडाही उतरला होता, दोन्ही एकदमच.

ती पायऱ्या उतरून पोत्यापाशी आली, पण बसली नाही. सुनेचा दंड धरून तिला आपल्या जागेवर बसवलं, तराजू तिच्यापुढं ठेवला.

"आजची बोहनी तुही," ती म्हणाली.

ओळीत कुजबुज झाली आणि विरली. कुणाची ना नव्हती. ठाणेदारीणबाई पुढं आल्या, भेंडी मागितली आणि नोट पुढं केली. सगळ्या बायकांचे हात आपापल्या तराजूकडं गेले.

वर्षालीनं नोट घेतली नाही.

तिनं तराजू उचलला आणि पोत्यावर पालथा ठेवला.

"थांबा बाई," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पार फाटकापर्यंत गेला. "बोहनी नाई झाली अजून. माह्या सासूबाई धुऱ्यावरून नाई घसरल्या. परवा पिंकीले वाचवाले मधात पडल्या, तं त्यायनं आईचाच हात पिरगाळला. आधी सासूबाईचं लिहा."

"वर्षाली," कुसुमबाई पुटपुटली, "गप रायजो."

"नाई राहत आई."

कुसुमबाईनं इकडं तिकडं पाहिलं. पोटच्या पोरानं मारलं, हे ती देवापुढंसुद्धा बोलली नव्हती. आता सगळ्या गावानं ऐकलं होतं, आणि कुणी तोंड फिरवलं नव्हतं. लीलाबाईनं आपला तराजू पालथा केला. तिच्या शेजारणीनं केला, मग तिच्या शेजारणीनं. शेवटच्या टोकापर्यंत तराजू पालथे होत गेले. अंकिता दारात पेन घेऊन उभी होती. तिच्या मागं साहेब होते, ते वाट सोडून बाजूला झाले.

कुसुमबाईनं पदराखालून हात बाहेर काढला. मनगट सुजून टम्म झालं होतं. तो हात तसाच उघडा ठेवून ती पायऱ्या चढू लागली.

"आता आणखी किती वेळ लागते व बाई?" मागून कुणीतरी विचारलं.

"लागू द्या," लीलाबाई म्हणाली, आणि टोपलीवर ओलं फडकं पसरलं. "भाजी ताजी हाय."