हौसेने बसवलेला सेन्सर

"आता हा कोण नवीन?"

मिस्त्रींनी हे मशीनला जोडलेल्या स्कॅनरला विचारलं. स्कॅनर काय बोलणार? त्याने पडद्यावर बिघाडाचा कोड दाखवला आणि गप्प बसला. सकाळी पहिला कोड पंपाच्या दाबाच्या सेन्सरचा होता. मिस्त्रींनी तो सेन्सर बदलला. पोकलेन थोडा वेळ बरी चालली आणि मग बूमच्या, म्हणजे तिच्या लांब हाताच्या, सेन्सरचा कोड आला. तोही बदलला, तर आता मशीन पुढेमागे चालवण्याचा जो सेन्सर असतो, तो तक्रार करू लागला. काढलेले दोन्ही सेन्सर मीटर लावून तपासावेत, तर ते ठणठणीत. कोड आला की इंजिन आपोआप मंदावायचं आणि मातीने भरलेली बकेट अर्ध्यावर येऊन रेंगाळायची. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, काही केल्या कळेना.

आणि न कळणं मिस्त्रींना परवडण्यासारखं नव्हतं, कारण कळणं हाच त्यांचा धंदा होता. कुणाला जुनी पोकलेन घ्यायची झाली की आधी मिस्त्रींना बोलावणं जायचं. ते स्कॅनर जोडत, कोड वाचत, वायरिंगवरून हात फिरवत आणि शेवटी मान हलवत. मान उभी हलली की सौदा पक्का, आडवी हलली की मोडला. लोक त्यांना कौतुकाने डॉक्टर म्हणत. तोंडाने ते "कसला डॉक्टर?" म्हणायचे, पण मनातून त्यांना ते आवडायचं. आज डॉक्टरांच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

त्यात हा पेशंट घरचा. ही पोकलेन त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने घेतलेली होती. माणूस उभा जन्म दुसऱ्यांच्या मशीनवर ऑपरेटर म्हणून राबला होता. स्वतःची घ्यायची वेळ आली तेव्हा, "दादा हो म्हणाले तर घेतो," एवढंच म्हणाला. दादांनी, म्हणजे मिस्त्रींनी, मशीन खालून-वरून तपासली आणि मान उभी हलवली. वर आनंदाच्या भरात, मशीनचा वरचा भाग फिरवण्याचा सेन्सर जुनाट दिसतोय म्हणून, आपल्या पेटीतला कोरा सेन्सर बसवूनही दिला. नव्या मालकाला आपल्याकडून भेट!

हे पहिलंच काम होतं. नव्या इमारतीचा पाया खणायचा होता आणि मशीन खणण्यापेक्षा उभीच जास्त राहत होती. मुकादम आज सकाळी येऊन सांगून गेला, की दुपारपर्यंत नीट चालली तर ठीक, नाहीतर तो दुसरी मागवणार. पहिल्याच कामावरून मशीन परत गेली म्हटल्यावर पुढचं काम कोण देणार होतं? असली बातमी मशीनच्या आधी पोहोचते.

"जावईबापू," मिस्त्रींनी विचारलं, "कोड येतो तो नेमका कधी? खोदताना, उचलताना, की फिरवताना?"

मेहुणा केबिनची काच पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती. "तसं काही नाही, दादा. कधीही येतो."

कधीही. मिस्त्री आणखीच बुचकळ्यात पडले. इतका जाणता ऑपरेटर, नुसत्या आवाजावरून तेल कमी झालेलं ओळखणारा, आणि त्याला एवढं सांगता येऊ नये? पण बिचारा काळजीने भांबावला असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. मघाशी बहिणीचा फोन येऊन गेला होता. तिने मशीनचं नावही काढलं नाही. जेवलास का, ऊन फार आहे का, असलंच काहीबाही विचारत राहिली आणि ठेवताना म्हणाली, "तू आहेस ना तिथे? मग मला घोर नाही."

ते सावलीला टेकले आणि पहिल्यापासून विचार करू लागले. हे सगळे सेन्सर एकाच तारेवर पोसले जातात. त्यातला एखादा ती वीज परस्पर लोखंडात सोडत असेल, तर बाकीचे उपाशी राहून ओरडणार. म्हणजे जे ओरडतात ते निर्दोष. हे त्यांनी आजवर कितीजणांना समजावून सांगितलं होतं, आणि आज स्वतःलाच ते सुचलं नव्हतं. उठून त्यांनी एकेका सेन्सरचा प्लग काढायला सुरुवात केली. एक काढायचा, मेहुण्याला मशीन चालवायला सांगायचं, पडद्याकडे पाहायचं. कोड येतच राहिला. हळूहळू सगळे प्लग काढून झाले.

सगळे म्हणजे, एक सोडून. तो त्यांनी स्वतः बसवलेला होता. कोरा. सकाळी स्कॅनरने जुन्या कोडची यादी दाखवली, तेव्हा तीत त्याचाही कोड एकदा दिसला होता. तो मिस्त्रींनी हसून पुसून टाकला होता. हा तर आपलाच, याला काय धाड भरलीय!

त्यांनी तो प्लग काढला. मेहुण्याने मशीन डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, भरलेली बकेट उचलली. पडदा कोरा राहिला.

मिस्त्री वर चढले आणि त्या सेन्सरची वायर चाचपत गेले. ती त्यांनीच एका लोखंडी पट्टीला आवळून बांधली होती, दिसायला नीटनेटकी. पट्टीची धार तिच्यात रुतली होती. मशीन डावीकडे फिरली की वायर ताणली जाऊन घासायची. आतलं तांबं उघडं पडून चमकत होतं.

"डावीकडे फिरवलं की येत होता ना कोड?" मिस्त्रींनी खाली न बघताच विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मी विचारलं तेव्हा कधीही येतो म्हणालात?"

"तो तुम्ही हौसेने बसवला होता, दादा. त्याचं नाव मी कुठल्या तोंडाने घेणार होतो?"

मिस्त्रींना त्याचा भयंकर राग आला. त्याला गदागदा हलवावं असं वाटलं आणि जवळ घ्यावं असंही वाटलं. पण जावयाशी यातलं काहीच करता येत नाही. ते वायरला टेप गुंडाळत राहिले. मग त्यांनी ती पट्टीपासून दूर, मोकळी बांधली आणि सगळे प्लग परत लावले. पोकलेन अशी सुरेख चालू लागली, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण तोवर फाटकातून ट्रेलर आत आला होता. त्यावरून दुसरी पोकलेन उतरत होती.

मिस्त्री तरातरा मुकादमाकडे गेले. चूक माझी होती, म्हणाले. मशीन चांगली आहे, आणि चालवणारा तर तिच्याहून चांगला. मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मिस्त्री, आणलेली मशीन आता परत कशी पाठवू? फक्त तिचा ऑपरेटर आलेला नाही." आणि त्याने मिस्त्रींच्या खांद्यावरून मागे, मेहुण्याकडे पाहिलं.

मेहुण्याने फडक्याला हात पुसले. त्या दुसऱ्या मशीनकडे निघताना फक्त म्हणाला, "आपली बंद करून ठेवा, दादा. उगाच डिझेल जळतंय."

मिस्त्री केबिनमध्ये जाऊन बसले आणि फोन वाजला. बहीण होती. या वेळी तिला राहवलं नाही.

"झाली का रे दुरुस्त?"

"झाली."

"चालतेय?"

मिस्त्रींच्या बुडाखाली इंजिन एका लयीत घुमत होतं. "चालतेय."

"आणि हे? हे काय करतायत?"

समोर परक्या मशीनवर बसून मेहुणा पाया खणत होता. भरलेली बकेट त्याने अलगद डावीकडे फिरवली आणि एक ढेकूळही न सांडता रिती केली.

"खोदतायत," मिस्त्री म्हणाले.

पलीकडे बहीण एकदम रडायलाच लागली. रडता रडता हसत म्हणाली, की तिला ठाऊकच होतं, दादाने हात लावला की बिघाड टिकत नाही. मिस्त्री हं हं करत राहिले. आपण तिच्याशी खरं बोललो की खोटं, हेच त्यांना कळेना. फोन खिशात ठेवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे एकही कोड नव्हता. मग त्यांनी किल्ली फिरवली आणि चांगली चालत असलेली पोकलेन बंद केली.