सातव्या वळणावरचा पाय

रविवारी दुपारी लॉन्ड्रीतली यंत्रं बंद होत आणि जावईबापूंचं तोंड चालू होई. आठवडाभर हॉटेलांच्या चादरी धुऊन जेवढा शीण येत नसे, तेवढा मुकादमिणीला त्या तोंडानं येई. मुकादमीण हे काही तिचं नाव नव्हे. पण माणसाला कामाला लावायची तिची तऱ्हाच अशी, की हॉटेलवाल्यांपासून साबणवाल्यापर्यंत सगळे तिला मुकादमीणच म्हणत. तीही ओ देई.

जावईबापू म्हणजे लेकीचा नवरा. हातात बोटं छाटलेले मोजे, गळ्यात हेडफोन, आणि स्वतःला म्हणवून घ्यायचं कोच! खरी गाडी मागे घ्यायची तर या कोचला दोन माणसं लागत, एक डावीकडून ओरडायला आणि एक उजवीकडून. पण टीव्हीतल्या गाड्यांचं विचाराल, तर ब्रह्मदेवानं चाकं यांना विचारून बसवली असावीत.

इस्त्रीच्या जुन्या टेबलाला त्यांनी एक स्टिअरिंग आवळलं होतं. समोर मोठा टीव्ही, खाली पेडलं, आणि पेडलं सरकू नयेत म्हणून मागे साबणाचा भरलेला ड्रम. त्या टेबलाशी धाकटी सून बसली होती, आणि आज ती खेळायला बसलेली नव्हती. शर्यतीच्या एका टीमनं स्पर्धा लावली होती. या खेळात ज्या वीस जणांची फेरी सगळ्यांत कमी वेळात होईल, त्यांना खऱ्या ट्रॅकवर खरी गाडी चालवायला बोलावणार. आज सहाला यादी बंद. धाकटी तेविसावी होती. वयाची अट अशी की अठ्ठाविसावं लागलं की संपलं, आणि तिला ते लागायला दीड महिना उरला होता. आज नाही तर मग चादरी आहेतच जन्मभर.

घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

टीव्हीतली लाल गाडी सहावं वळण सुरेख घेऊन उताराला लागली, सातव्यात शिरली, भोवऱ्यासारखी गरकन फिरली आणि भिंतीवर आदळली. दुपारपासून अकराव्यांदा.

"टायर," जावईबापू म्हणाले. "टायर तापले नाहीत."

"मघाशी म्हणालात जास्त तापले," मुकादमीण म्हणाली.

"मघाशी तापले होते."

"टायर आहेत का हिवतापाचा रोगी?"

कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालत बसलेले भावजी खुदकन हसले. भावजी म्हणजे तिचा धाकटा दीर. तीस वर्षं याच कोपऱ्यात बसून त्यांनी घड्या घातल्या होत्या आणि बोलायचं खातं वहिनीकडे सोपवलं होतं.

"अहो आई, ही मिड-इंजिन गाडी आहे," जावईबापू बहिऱ्याला समजावावं तसं सावकाश म्हणाले. "हिचं हँडलिंग वेगळं असतं. तुम्हाला नाही कळायचं."

"मला कुठलं कळायला? मी नुसती बावीस वर्षं गाडी चालवली. तुम्ही तर पाहिलीत."

जावईबापूंनी ते न ऐकल्यासारखं केलं आणि सेटिंगमध्ये बोटं घातली. मागचं सस्पेन्शन कडक केलं, पुढचं ढिलं केलं, कपाळावरचा नसलेला घाम पुसला. गाडी निघाली आणि तिसऱ्याच वळणावर फिरली.

"सुधारणा आहे," मुकादमीण म्हणाली. "सातव्यापर्यंत जायचा त्रास वाचला."

धाकटीनं सेटिंग होतं तसं केलं आणि पुन्हा गाडी काढली. जावईबापू टीव्हीकडे बघू लागले, भावजीही बघू लागले. मुकादमिणीनं मात्र टेबलाखाली पाहिलं. गाडी शिकवताना ती कधी रस्त्याकडे बघत नसे, शिकणाऱ्याच्या पायांकडे बघे. तोंड थापा मारतं, हात मिरवतात, पायाला नाटक जमत नाही.

सहावं वळण. उतार. सातवं. आणि इस्त्रीचा चटका बसावा तसा धाकटीचा उजवा पाय वेगाच्या पेडलवरून झटकन वर आला. वर टीव्हीत गाडी फिरली.

"पाय का उचललास?"

"मागचं सुटतंय असं वाटलं."

"वाटलं की पाय उचलायचा, हे कुठल्या गाढवानं शिकवलं तुला?"

धाकटीनं मान वळवली नाही. "तुम्ही, आई."

भावजींच्या हातातली घडी अर्धवट राहिली.

खोटं नव्हतं. धाकटी लग्न होऊन आली त्याच महिन्यात मुकादमिणीनं तिला लॉन्ड्रीच्या गाडीवर बसवलं होतं, आणि दोन्ही मुलांना, लेकीला दिला होता तोच मंत्र तिलाही दिला होता: भीती वाटली की पाय उचल. साऱ्या घराचे पाय त्या मंत्रावर वाढले होते.

"मी हेच म्हणणार होतो," जावईबापू म्हणाले.

"तुम्ही टायर म्हणत होता." मुकादमीण टीव्हीकडे वळली. "हिचं इंजिन कुठं म्हणालात?"

"सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या अलीकडे. गाडीच्या पोटात म्हणा ना."

"म्हणजे आपल्या जुन्या हिरव्या गाडीसारखं. तिचं सीटखाली होतं. बूड शेकून निघायचं."

जावईबापू हसले. "आई, ही साडेचारशे हॉर्सपॉवरची..."

"घोडे कसले मोजता? वजन कुठं आहे ते बघा!" तिनं भावजींपुढचा चादरींचा गठ्ठा उचलला, पोटाशी आवळला आणि एका पायावर गर्रकन वळून दाखवलं. "गठ्ठा पोटाशी असला की माणूस चटकन वळतो. आणि घसरला तर चटकनच फिरतो. आपली आताची गाडी नाकात जड. वळणात पाय उचलला तर नाक टेकवून गुमान वळते, मूर्खालाही सांभाळून घेते. ही नाही घेत. ऐन वळणात पाय उचललास की भार पुढे पडतो, मागची चाकं हलकी होतात आणि ढुंगण पुढे येतं."

"तुम्हाला कसं माहीत?" धाकटीनं विचारलं.

हिरवी गाडी हॉटेलाखालच्या उतारावर भिंतीला लागली होती, ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. पाहुणे जमले की मुकादमीणच ती रंगवून सांगे: भावजींनी गठ्ठे नीट रचले नव्हते म्हणून गाडी फिरली. लोक हसत, भावजी खाली बघत. एकोणतीस वर्षं.

"गठ्ठे नीटच रचले होते," ती घड्याळाकडे बघून म्हणाली. "पाय मी उचलला."

भावजींनी अर्धवट राहिलेली घडी पुरी केली. "मला ठाऊक होतं, वहिनी."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही मध्ये श्वास कुठं घेतलात?"

जावईबापू खो-खो हसले. तिनं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. त्यांना एकदम हेडफोनची वायर सोडवायचं काम आठवलं.

"इकडे लक्ष दे," ती धाकटीला म्हणाली. "ब्रेक सरळ रस्त्यावरच उरकून घे. वळणात शिरलीस की उजवा पाय हलका दाबलेला, आहे तिथंच. भ्यालीस तर हात सैल सोड. पाय नाही."

धाकटीनं दोनदा करून पाहिलं. दोनदा पाय उचलला, दोनदा भिंत.

"पाय ऐकत नाही, आई."

"ऐकेल कसा? मी शिकवलाय."

पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. मुकादमीण गुडघे कडकड वाजवत फरशीवर बसली आणि तिनं आपला पंजा धाकटीच्या पावलावर ठेवला.

"हे नियमात बसत नाही!" जावईबापू ओरडले. "फेरी एकटीनं मारायची असते!"

"ही फेरी यादीत घालू नका. शिकवणी आहे."

सातवं वळण आलं. पंज्याखाली पाऊल मासोळीसारखं उसळलं. तिनं दाबून धरलं. गाडीचा मागचा भाग किंचित सरकला, टायर किंचाळले आणि गाडी वळणातून सरळ बाहेर आली. धाकटीनं धरलेला श्वास सोडला. दुसऱ्या फेरीत पाऊल कमी उसळलं. तिसरीत पंजा नुसता टेकलेला होता. चौथीत मुकादमिणीनं तो न सांगता वर घेतला, आणि पाय जागचा हलला नाही.

"आता यादीतली मार," ती टेबलाला धरून उठत म्हणाली.

सहाला सात मिनिटं कमी असताना धाकटीची फेरी संपली. नाव अठराव्या जागेवर चढलं. कुणी ओरडलं नाही, कारण लगेच ते एकोणिसावर घसरलं. मग विसावर. भावजी घड्या सोडून उभे राहिले. धाकटी नखं खात होती. मुकादमिणीनं यादीकडे पाठ केली आणि साबणाच्या ड्रमचं झाकण उगाच घट्ट केलं.

"सहा वाजले," भावजी म्हणाले. "वीसच आहे."

"काय सांगितलं होतं मी!" जावईबापूंनी टाळी पिटली. "टायर तापले!"

धाकटी उठली नाही. तिचा उजवा पाय अजून पेडलवरच होता. थोड्याच वेळात फोनवर पत्र आलं, ते तिनं मोठ्यानं वाचलं: तीन आठवड्यांनी हजर राहावं, येताना पातळ तळाचे बूट आणावेत.

"इथली भिंत खोटी," मुकादमीण म्हणाली. "दुपारभर आपटलीस, खरचटलं नाही. तिथली खरी असेल. भीती वाटते?"

"वाटते, आई."

"छान. न भिणारा एक आहे घरात, तेवढा पुरे. उद्या बूट आण आणि इस्त्रीला बुटांतच उभी राहा. पायाला ओळख होऊ दे."

"कुठले बूट घ्यायचे ते मी सांगतो," जावईबापू पुढे झाले.

"सांगा ना," मुकादमीण म्हणाली. "म्हणजे आम्हाला दुसरे घेता येतील."