उकिरड्यावरचं सूप

रॉकेलवर चालणारा फ्रिज. आत सापाच्या विषावरची दोन इंजेक्शनं, नॉर्वेहून आलेल्या चीजचा शेवटचा तुकडा, उकळून गार केलेलं पाणी. फ्रिजच्या मागे एक पाल राहते.

*

आज शिकलेले शब्द: ऊन. सावली. पडवी. पान्हा. पान्हा म्हणजे काय ते सहादेव मास्तरांनी सांगितलं नाही. म्हणाले, बायकांना विचारा.

*

चांगुणाची तीन मुलं गेली. एक पाचव्या दिवशी. एक महिन्याने. एक चालायला लागल्यावर.

*

दूध पावडर: एक पेला गरम पाणी, तीन सपाट चमचे. शिगोशीग नाही. सपाट.

*

नगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत, भिंतीलगत, दोन फूट लांबीची एक जागा. दगडावर नाव नाही. न रडताच गेलेल्या मुलाला नाव द्यावं की नाही यावर नवराबायकोचं एकमत झालं नाही. फक्त तारीख: ११ डिसेंबर १९७१.

*

इंगा सव्वीस वर्षांची, नील्स अठ्ठावीस. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावातल्या चर्चने त्यांना मिशनरी म्हणून पाठवलं होतं. राजूरच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीबाहेर, पत्र्याच्या दोन खोल्यांत ते दीड वर्ष राहत होते.

सकाळी नील्स पाणी उकळायचा. इंगा तांदूळ निवडायची, निम्मे खडे दाताखाली यायचेच. मग ती औषधांचं कपाट उघडायची आणि तो जीपखाली शिरायचा. दुपारी सहादेव मास्तर मराठी शिकवायला यायचे. संध्याकाळी टाइपरायटरवर घरच्या चर्चला पत्र. डिसेंबरानंतर पत्रं नील्स लिहायचा. खाली दोघांची सही असायची, तीही त्याच्याच हातची.

मंगळवारी मात्र इंगा वाडीत जायची. कापडाच्या फळ्यावर कागदी माणसं चिकटवून बायकांना गोष्ट सांगायची. मार्चमधल्या एका मंगळवारी तिने मोशेची सांगितली.

"राजा सर्व मुलग्यांना ठार मारत होता. म्हणून आईने बालकाला टोपलीत ठेवले. टोपली नदीत ठेवली."

बायका तिच्या पुस्तकी मराठीला नेहमी हसायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत.

"आन ही झुडपात कोन?" लंकाबाईने विचारलं. लंकाबाई म्हणजे वाडीतल्या भीमाची थोरली बहीण. पाच पोरं, पाचही जिवंत. वाडीत तिचा शब्द चालायचा.

"ती बहीण आहे. लपून पाहते."

"बराबर हाय. कुनीतरी लागतंच." लंकाबाईने बाकीच्यांकडे बघितलं. माना हलल्या. "मंग राजाच्या पोरीनं उचललं, आन पाजाया परत आयकडंच दिलं. व्हय का न्हाई?"

इंगा चकित झाली. राजकन्या अजून तिच्या पिशवीतच होती. "तुम्हाला ही गोष्ट माहीत आहे?"

"लांबून कशापाई आनली बाई. आमच्याच वाडीतली हाय ती."

आता मात्र सगळ्या हसल्या. भीमाची बायको चांगुणा मागे भिंतीला टेकून बसली होती. पोट गळ्याशी आलेलं. ती हसली नाही.

"जगलं का ते पोर?" तिने विचारलं.

"एकशे वीस वर्षे," इंगा म्हणाली.

चांगुणाने पदर पोटावर ओढून घेतला.

*

पत्रातून: "मोशेची कथा त्यांच्या अंतःकरणाला भिडली. जणू ती त्यांना आधीपासूनच ठाऊक होती." तीन महिन्यांत पहिल्यांदाच ही ओळ इंगाने स्वतः टाइप केली.

*

नऊ दिवसांनी, गुरुवार. दूध पावडर आणायला नगरला जायचं होतं. वाडीच्या टोकाशी जीप तापली. नील्स कॅन घेऊन झऱ्यावर गेला. इंगा पाय मोकळे करायला खाली उतरली.

कुडाच्या भिंतीपलीकडे उकिरडा होता. शेण, राख, भाताचं तूस. वर एक सूप. सुपात एक कापड. कापड हललं.

पाच-सहा दिवसांचं पोर. डोळे मिटलेले. गालावर काळं काहीतरी, तळपायालाही. त्यावर एक माशी.

चांगुणा बाळंत झाली होती, पण वाडीत कुणी ते मोठ्याने बोललं नव्हतं. इंगाला ते माहीतच नव्हतं.

नील्स कॅन भरून परत आला तेव्हा इंगा जीपमध्ये बसलेली होती. सूप मांडीवर.

"कुणाचं?"

"कुणाचं नाही."

"इंगा, वाडीत विचारू."

"कुणाला विचारायचं? ज्यांनी टाकलं त्यांना?"

नील्सने उकिरड्याकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्याकडे. तो चेहरा त्याने डिसेंबरानंतर बघितला नव्हता. त्याने पाणी ओतलं, हँडल मारलं.

*

जीपच्या वहीतून, नील्सचं अक्षर:

राजूर ७.१०.

अकोले ८.०५. रडतंय.

संगमनेर ९.१५. हॉटेलातून गरम पाणी. ड्रॉपरने पाच थेंब. पुन्हा पाच.

लोणी. झोपलं.

राहुरी. त्यापुढे इंगाचं अक्षर, एकच शब्द: मोशे.

*

नगरच्या दवाखान्यातली आया इमामबी. पन्नाशीची, तोंडात कायम मिसरी. डिसेंबरात इंगाच्या उशाशी तीच बसली होती. तिने पोर हातात घेतलं आणि कापड सोडलं.

"कुठं मिळालं?"

"कचऱ्यावर. त्याला टाकून दिले होते." इंगाचा आवाज चढा, खणखणीत होता. नील्सला तो ऐकून बरं वाटलं.

इमामबीने कमरेचा काळा करदोटा बोटाने वर केला. टाळूवर तळवा ठेवला, तळव्याचा वास घेतला.

"टाळू भरलीय."

"म्हणजे?"

"तेल. आज सकाळचं." तिने इंगाच्या हातातल्या रुमालाकडे बघितलं. "हा काळा कशानं झाला?"

"त्याच्या गालाला काजळी होती. मी वाटेत पुसली."

इमामबी पलंगाच्या कडेवर बसली. पोर तिने छातीशी धरलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "टाकलेल्या पोराला तीट कोण लावतं?"

इंगा उभी होती.

"कुणी लावावी?" नील्सने विचारलं.

"आईनं. दुसरं कोण." इमामबीचा आवाज हळू झाला. "पोरं जगत नसली की करतात असं. उकिरड्यावर ठेवायचं. मरण येतं, बघतं, म्हणतं हा तर केर आहे, आणि जातं. मग जिची पोरं जगली अशी बाई उचलते. दारात नेते. म्हणते, मला पोर सापडलं, घेतेस का. आई दाणे देऊन विकत घेते. दुसरीचं झालं ना ते, म्हणून जगतं. माझा थोरला तसाच. आमच्या गल्लीतल्या कुंभारणीनं उचलला. आता मिश्या आल्यात मेल्याला, तरी ईदला पहिला सलाम तिला."

"ती उचलणारी कुठे असते?"

"असते ना. तिथंच, आडोशाला."

इंगाने डोळे मिटले.

"पण आई ओरडली नाही," नील्स म्हणाला. "कुणी मागे धावलं नाही. कुणी पोलिसात गेलं नाही."

"कशी ओरडेल साहेब? माझं म्हणाली की संपलं. मरणाला पत्ता लागला. घरात नेईपर्यंत तिनं त्याच्याकडं बघायचंसुद्धा नसतं."

खिडकीबाहेर कुणीतरी बादली आपटली. पोर दचकलं, रडलं नाही.

"ती आता काय करत असेल?" हे नील्सने इमामबीला विचारलं नव्हतं, तरी उत्तर तिनेच दिलं.

"बसली असेल. पाठ करून."

*

न विचारलेले प्रश्न, नील्सचे, दुपारी तीन ते पाच, दवाखान्याच्या पायरीवर: आपण चोर आहोत का. आपण ते उचललं नसतं तर ते किती वेळ तिथे राहिलं असतं. वीस मिनिटं? दहा? जीप झऱ्यापुढे जाऊन तापली असती तर? हे पत्रात कसं लिहायचं?

*

पोर किंचित पिवळं दिसत होतं. डॉक्टरांनी सकाळपर्यंत सोडलं नाही. पोरं न जगलेली, दिवस भरलेली बाई वाडीत एकच होती, चांगुणा. शुक्रवारी परतीच्या रस्त्यावर जीपच्या वहीत कुणीच काही लिहिलं नाही.

*

दुपारचे दोन. वाडीत माणसं होती, आवाज नव्हता. कुणी दगड उचलला नाही, कुणी शिवी दिली नाही. नील्स दोन्हीची तयारी करून आला होता.

भीमा अंगणात उभा होता. त्याने जीपकडे बघितलं, मग वर आभाळाकडे.

"नगराला ऊन लई आसंल," तो म्हणाला.

आपलं पोर घेऊन गेलेल्या माणसाशी भीमा उन्हाबद्दल बोलत होता. त्याच्या गळ्यातली शीर सारखी उडत होती.

उघड्या दारातून चांगुणाची पाठ दिसत होती. ती मागच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. शेजारी भाकरी होती, कालची, न मोडलेली. तिची चोळी काखेपर्यंत ओली होती.

"आमची मोठी चूक झाली," नील्स म्हणाला. वाटेत त्याने हे वाक्य शंभर वेळा जुळवलं होतं. "आम्ही क्षमा मागतो. हे तुमचे बाळ…"

"साहेब." लंकाबाई पुढे आली. तिने हात वर केला, मारायला उचलावा तसा, आणि तसाच ठेवला. "कुनाचं बाळ? काय बोलताय? बाईंला उकिरड्यावर घावलं ते. बाईंचं हाय."

लंकाबाई इंगाकडे वळली. सूप इंगाच्या हातात होतं. इंगाने पोराला सुपातून उचलून घेतलं, सूप खाली ठेवलं.

"नाव काय ठिवलं?"

"मोशे."

आत चांगुणाची पाठ किंचित ताठ झाली.

"मोशे तर मोशे. नाव उचलनारीचं. तेच ऱ्हाईल." लंकाबाई जवळ सरकली. "आता म्हना. मला पोर घावलंय, घेतीस का. येवढंच."

इंगाने तोंड उघडलं. शब्द सोपे होते. तिला सगळे येत होते. पोराने झोपेत तिच्या ब्लाउजचं बटण मुठीत धरलं होतं.

ती बोलली नाही.

वाडी वाट बघत राहिली. कुडाच्या सावलीत लेकुरवाळ्या बायका, त्यांच्यामागे म्हातारे. कुणीतरी खोकला दाबला. नील्सला आधी वाटलं ती शब्द शोधतेय. मग त्याने तिचे हात बघितले. ती शोधत नव्हती.

"इंगा," तो त्यांच्या भाषेत म्हणाला. "इंगा, बोल."

"बोलू द्या त्यांच्या मनानं," लंकाबाई म्हणाली. तिला ते न कळताच कळलं होतं. "न्हाई म्हनल्या तर न्हाई. त्यांनी उचललंय. त्यांचंच हाय."

"म्हणजे काय?" नील्सने विचारलं. "आम्ही घेऊन गेलो तर?"

"तर जावा."

"तुम्ही अडवणार नाही?"

"कशी अडवनार? जगलं म्हंजी झालं. हितं मरन्यापरीस तिकडं जगलेलं बरं." हे ती नील्सला सांगत होती, पण बघत होती चांगुणाच्या पाठीकडे. ती पाठ हलली नाही. भीमाने तोंड फिरवलं.

दीड वर्ष नील्स या लोकांना त्यागाबद्दल सांगत होता. तो जीपच्या बॉनेटला धरून उभा राहिला. बॉनेट तापलेलं होतं, तरी हात काढायचं त्याला सुचलं नाही.

पोर जागं झालं. चुळबुळलं. तोंड इंगाच्या छातीकडे वळवून शोधू लागलं. तिथे काही नव्हतं. ते रडलं, पाच-सहा दिवसांच्या पोराचं बारीक, चिरकं रडणं. आत, पाठमोऱ्या चांगुणाने दोन्ही हात छातीवर दाबून धरले, आणि तिच्या चोळीवरचा ओलेपणा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली पसरत गेला.

इंगा दारात गेली.

"मला," ती म्हणाली. थांबली. "मला उकिरड्यावर पोर सापडलं. घेतेस का?"

"काय घेशील?" पाठ म्हणाली. आवाज फुटलेला होता.

इंगाला ठाऊक नव्हतं. तिने लंकाबाईकडे बघितलं.

"नागली म्हना."

"नागली."

चांगुणाने न वळता एक हात मागे केला. हातात मापटं होतं, नागलीने भरलेलं. ते कालपासूनच भरून ठेवलेलं असावं. दाणे सांडत होते.

इंगाच्या दोन्ही हातांत पोर होतं. नागली घ्यायला हात रिकामे हवे होते.

ती वाकली. तिने पोर चांगुणाच्या शेजारी, जमिनीवर ठेवलं, बटणावरची मूठ सोडवली आणि मापटं घेतलं.

मगच चांगुणा वळली.

*

लंकाबाईने त्यांना जीपपर्यंत सोडलं. इंगा आधीच आत बसली होती, मापटं धरून, समोर बघत. नील्स हँडल हातात घेऊन थांबला.

"तुम्ही तिथेच होता ना? भिंतीच्या मागे?"

"व्हय."

"मग हाक का मारली नाही?"

लंकाबाईने इंगाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"जीप लई वाजत हुती, साहेब," ती म्हणाली. "कुनाला ऐकू येनार?"

नील्स त्या वेळी झऱ्यावर होता. जीप बंद होती. त्याने हँडल मारलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जीप लागली.

*

गुरुवारी सकाळी सूप उचलताना इंगाने मागून आलेली हाक ऐकली होती: "बाई, थांबा."