आठ हातांची हीना

जानेफळची हीना मामूंच्या विहिरीत पोहायला शिकली. पाण्यात तोंड घातलं की तिला शिंका यायच्या, म्हणून ती उताणीच पोहायची. विहीर लहान होती; आठ हात मारले की काठ, मग वळायचं. तिचा वेग पाहून शाळेच्या वंदना मॅडमनी तिचं नाव विभागीय स्पर्धेत घातलं.

शिट्टी वाजताच हीना सुसाट सुटली, मोजून आठ हात मारले आणि सवयीनं गर्रकन वळून परत आली. काठाला हात लावून पाहते तर शेजारी कोणीच नाही.

"मॅडम, मी पहिली आली!"

"अवं, उलटी काऊन आली? तिकडे जाय, तलाव बाकी हाये अजून!"

हीना संतापून पुन्हा सुटली, ती थेट पलीकडच्या भिंतीवर डोकं आपटल्यावरच थांबली. पंचांनी तिला बाद केलं. पण तिचा दुसऱ्या खेपेचा वेग एका प्रशिक्षकाच्या नजरेत भरला, आणि त्यांनी तिला शिबिरात घेतलं.

पुढच्या वर्षी ती राज्य स्पर्धेतून उताणं पोहण्याचं रौप्यपदक घेऊन आली. तिचे अब्बा युसूफभाई बसस्टँडवर भेटेल त्याला सांगत होते, "माही पोरगी पडल्या पडल्या मेडल घेऊन आली!"